तीन बाटल्यांची सरासरी

धाकट्या भावाला खाणीवर धरून मारताहेत, हे बाटलीबाईला कळलं तेव्हा ती बाटल्याच धूत होती. सांगायला आला तो साखळी, डेपोतलाच एक टँकर ड्रायव्हर. याच साखळीनं बारा दिवसांपूर्वी डेपोच्या रांगेत धाकट्याचा कान फाडला होता. त्यामुळे तो धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला तेव्हा तिनं हातातली बाटली आधी मानेला धरून उलटी पकडली, मारायला बरी.

"बाई, भांडायला नाही आलो," साखळी म्हणाला. "खाणीवर डंपर सुटला. उतारावर इंजिन बंद पडलं, स्टेअरिंग वळेना. मुकादमीणबाईंचा पोरगा चालवत होता. कड्यावर आपटला. केबिनमधून काढायला दोन तास लागले त्याला, आणि तोही अख्खा नाही निघाला. लोकांनी तुमच्या भावाला वजनकाट्याच्या खोलीत कोंडलंय."

"भावाचा काय संबंध?"

"फिल्टर उघडला तर आत पिवळं, थिजलेलं, तुपासारखं. सकाळी टँकर त्यानंच रिकामा केला होता. लोक म्हणतायत, यानं वाटेत डिझेल विकलं आणि वर खरकटं तेल भरलं." साखळीनं कपाळावरचा घाम पुसला. "मी त्याला मारलं ते रांगेपायी, बाई. ती लोकं त्याला जिवानिशी मारणार. मी खिडकीतून बघून आलोय."

बाटलीबाईच्या पायाखालची जमीन सरकली. भावाच्या काळजीनं सरकलीच, पण त्याआधी 'पिवळं, थिजलेलं' या दोन शब्दांनी सरकली. कारण ते काय आहे, ते कुठून आलं आणि कुणाच्या सहीनं गेलं, हे त्या क्षणी जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. सरकारी तेल डेपोत एकोणीस वर्षं तिचं काम एकच. भरलेल्या टँकरवर चढायचं, दोरीला बांधलेली बाटली आत सोडायची, वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काढायचे, त्यात हायड्रोमीटर, म्हणजे काचेची एक आकडे लिहिलेली नळी, तरंगवून तेल किती जड आहे ते बघायचं आणि सही करायची. तिची सही नसली की फाटक उघडत नसे. मोठे साहेबसुद्धा तिच्या सहीची वाट बघत उभे राहत, म्हणून बाई जरा तोऱ्यात असे. आईबाप गेल्यावर धाकट्याला तिनंच वाढवलं होतं, बदडलं होतं आणि शेवटी टँकरवर चिकटवलं होतं. तो आता पस्तिशीचा होता, दोन मुलांचा बाप होता, तरी जेवायच्या सुट्टीत तिच्या डब्यातलं न विचारता खात असे.

मग बायोडिझेल आलं. हॉटेलांतलं तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं, त्यापासून इंधन बनवायचं आणि ते डिझेलमध्ये मिसळून गावोगाव पोचवायचं. कल्पना चांगली होती, त्यात खोट नाही. सरकार आणि कंपनी यांची भागीदारी झाली. जागा सरकारची, पंप कंपनीचे, फीत मंत्र्यांनी कापलेली. करार जाडजूड होता. डिझेलची जबाबदारी डेपोची, बायोडिझेलची कंपनीची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दोन्ही नीट एकत्र झालंय की नाही हे कुणी बघायचं, एवढंच लिहायचं राहून गेलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसलं काम.

सुरुवातीला काही बिघडलं नाही, कारण टँकर आधी डेपोच्या फलाटावर डिझेल भरत आणि मग कंपनीच्या फलाटावर बायोडिझेल. बायोडिझेल जड. वरून पडलं की ते डिझेलमधून खाली जाई आणि जाताजाता आपसूक मिसळे. ढवळायला माणूस नको, यंत्र नको.

पण मागणी वाढली. डिझेलच्या फलाटापाशी रांग फाटकाबाहेर जायला लागली आणि कंपनीचा फलाट निम्मा वेळ मोकळा. जादा फेरीला जादा भत्ता होता, त्यामुळे ड्रायव्हर रांगेत एकमेकांचे गळे धरू लागले. बारा दिवसांपूर्वी धाकट्यानं साखळीच्या पुढे टँकर घुसवला. साखळीनं त्याला खाली ओढलं आणि टँकरच्या झाकणाची साखळी त्याच्या डोक्यावर घातली. कान लोंबायला लागला. धाकट्यानं त्याच अवस्थेत साखळीचं तोंड दाराच्या कडीवर तीनदा आपटलं, दोन दात तिथेच पडले. दोघांना सोडवताना एका तिसऱ्याच माणसाचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला. त्याला सगळे बाणसाहेब म्हणत, कारण कुठल्याही अडचणीवर तो फळ्यावर बाण काढून उत्तर देई. उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. त्यानं जमिनीवर पिवळ्या रंगाचे बाण काढून घेतले: डिझेलपाशी गर्दी असेल तर आधी आमच्या फलाटावर या, बायोडिझेल घ्या, मग डिझेल. रांग संपली. मारामाऱ्या थांबल्या. मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. आता जड तेल तळाला जाऊन बसत होतं आणि हलकं त्याच्यावर, हे फक्त एका बाईच्या बाटलीत दिसत होतं.

पहिल्याच दिवशी वरची बाटली आठशे अठ्ठावीस आली, मधली आठशे तीस आणि तळाची आठशे बासष्ट. नुसत्या डिझेलच्या काळात तिन्ही आकडे सारखेच येत, म्हणून फॉर्मात चौकोन एकच होता आणि त्यात सरासरी लिहायची पद्धत होती. तिनं बेरीज केली, तीननं भागलं. आठशे चाळीस. करारात जेवढं हवं तेवढंच, कणभर इकडे नाही की तिकडे नाही.

ती बाणसाहेबाकडे गेली. "तळाची जड येतेय," म्हणाली.

"सरासरी किती?"

"आठशे चाळीस."

"मग बाई, देव पावला म्हणा की."

मोठ्या साहेबांकडे गेली, तर ते म्हणाले की बायोडिझेल कंपनीचं, त्यांनाच विचार. तिनं सही केली. खरं सांगायचं तर तिच्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. आकडा इतका देखणा होता की त्याच्यावर शंका घ्यायचा तिला कंटाळा आला, आणि शंका घेतली असती तर रांगेत धाकट्याचा दुसरा कान गेला असता. अकरा दिवस तिनं तशाच सह्या केल्या. ऊन होतं, रस्ते खाचखळग्यांचे होते, तेल वाटेत हिंदकळून मिसळत होतं, म्हणून निभावलं. पण खाण डेपोपासून दोनच मैलांवर, रस्ता नवाकोरा, पोटातलं पाणी हलणार नाही असा. आणि कालपासून थंडी पडली होती. टँकर तळातून रिकामा होतो. सकाळी भरलेल्या पहिल्या डंपरच्या टाकीत जवळजवळ नुसतं जड तेलच गेलं आणि गारठ्यानं ते फिल्टरमध्ये थिजलं.

बाटलीबाईनं मांडणीवरून धाकट्याच्या टँकरच्या तीन बाटल्या काढल्या. लाखेचं सील होतं, चिठ्ठीवर तिचीच सही. हायड्रोमीटर आणि काचेची उभी नळी फडक्यात गुंडाळली. तेवढ्यात मोठे साहेब आणि बाणसाहेब दोघे दारात आले. एरवी एका फलाटावर न दिसणारी माणसं.

"बाटल्या कुठे चालल्या? ती सरकारी मालमत्ता आहे," मोठे साहेब म्हणाले.

"संयुक्त मालमत्ता," बाणसाहेबानं दुरुस्ती केली.

"तिकडे माझ्या भावाला मारतायत."

"पोलिसांना कळवलंय. आपण दोघं मिळून एक निवेदन तयार करतो. तोवर तुम्ही काही बोलू नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. सही तुमची आहे." मोठ्या साहेबांनी तिच्या दंडाला धरलं.

तिनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. एकोणीस वर्षांत तिनं त्यांना उलट उत्तरही दिलं नव्हतं. साहेब भिंतीला टेकले, बाणसाहेब मांडणीमागे झाला आणि ती साखळीच्या टँकरमध्ये जाऊन बसली.

खाणीच्या तोंडाशी डंपर अजून तसाच पडला होता, केबिन चपटी, खाली काळं पडलेलं रक्त आणि त्यावर दगडाची भुकटी टाकलेली. दोन पोलीस लांब मोटारसायकलला टेकून उभे होते. "आत जाऊ नका बाई, लोक चिडलेत," एक जण म्हणाला. लोक चिडलेत एवढं तरी त्यांच्या कानावर होतं म्हणायचं.

वजनकाट्याच्या खोलीत पंधरावीस माणसं होती. धाकटा भिंतीशी पडला होता. तिनं त्याला आधी शर्टावरून ओळखलं, तोंडावरून ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. एक डोळा बंद, ओठ मधोमध उभा फाटलेला, डावा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळलेला. एक जण रबरी नळी घेऊन उभा होता. ती आत शिरली तसा त्यानं तिच्याकडे न बघता आणखी एक रट्टा हाणला आणि धाकट्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली.

"थांब," बाटलीबाई म्हणाली. "तेल यानं नाही बदललं. मी डेपोतली. सही माझी आहे."

कुणीतरी तिच्या कानाखाली आवाज काढला. ती टेबलावर आपटली, दातानं जीभ फुटली. पण बाटल्यांची पिशवी तिनं पोटाशी धरली होती, ती सोडली नाही. साखळी मध्ये पडला, त्याच्या बरगडीत पहारेचं टोक बसलं, तो वाकला पण बाजूला झाला नाही.

"बोलू दे तिला," कोपऱ्यातून आवाज आला.

मुकादमीण स्टुलावर बसली होती. पन्नाशीची बाई, केसांत दगडाची भुकटी, हात कोपरापर्यंत माखलेले. पोराला केबिनमधून काढायला ती स्वतः आत वाकली होती. दगड फोडायची हातोडी तिच्या मांडीवर आडवी होती. खाणीवरच्या चाळीस बाया आणि साठ पुरुष तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

बाटलीबाईनं टेबलावर काचेची नळी ठेवली. तोंडातलं रक्त हनुवटीवरून टेबलावर पडत होतं. तिनं सील सगळ्यांसमोर फोडलं. वरच्या बाटलीतलं तेल ओतलं, हायड्रोमीटर सोडला, त्याचा आकडा दाखवला. मग तळाच्या बाटलीतलं. हायड्रोमीटरची दांडी जड तेलावर दोन बोटं वर तरंगली. ते बघायला शिक्षण लागत नव्हतं.

"हे आज सकाळी डेपोतच काढलंय, टँकर फाटकातून बाहेर पडायच्या आधी," ती म्हणाली. "तेव्हाच तळाला जड होतं. यानं वाटेत काही केलं नाही. आधी बायोडिझेल भरलं, मग डिझेल, म्हणून मिसळलं नाही."

नळीवाल्यानं रबरी नळी खाली केली. दोघे तिघे जवळ येऊन बाटली बघू लागले. आणि नेमकं तेव्हा भिंतीशी पडलेला धाकटा बोलला.

"खोटं बोलतेय ती." फाटक्या ओठातून शब्द सांडत होते. "मीच विकलं डिझेल. मीच भरलं तेल. तिला घालवा इथून."

त्याला वाटलं, ताई वाचेल. मूर्ख तो मूर्खच. रबरी नळी पुन्हा वर गेली, पहारवाला पुढे झाला. बाटलीबाई माणसांना ढकलत भिंतीशी गेली आणि मोडक्या पायाच्या, बंद डोळ्याच्या त्या भावाच्या थोबाडीत तिनं अशी ठेवून दिली की मारणारेच एक पाऊल मागे सरले.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं आणि रागही तेवढाच होता. "मी इथवर जीभ तोडून घेत आले ती तुझं खोटं ऐकायला? विकलं तर कुणाला विकलंस, सांग. कुठे थांबलास? दोन मैलांत, नव्या रस्त्यावर, उजेडात?"

धाकटा लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला आणि प्रत्येक हुंदक्याला बरगड्या दुखून विव्हळू लागला.

खोलीतल्या सगळ्यांना खरं काय ते कळलं. पहार खाली आली. मुकादमीण स्टुलावरून उठून टेबलापाशी आली.

"म्हणजे वर पातळ, खाली जड," ती म्हणाली. "आणि ढवळलं नाही."

"नाही."

"ढवळायचं काम कुणाचं होतं?"

"कुणाचंच नव्हतं, मावशी. सरकारचं नव्हतं, कंपनीचं नव्हतं."

"तुला दिसलं होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "अकरा दिवस दिसत होतं," बाटलीबाई म्हणाली.

"आणि सही केलीस."

"केली."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

मुकादमिणीनं टेबलावरची काचेची नळी आणि बाटल्या हलक्या हातानं बाजूला सरकवल्या. मोकळ्या जागेवर हातोडीनं एकदा टकटक केलं. काय मागते आहे हे सांगायची गरज नव्हती.

"आधी त्याला जाऊ द्या," बाटलीबाई म्हणाली. "दवाखान्यात पोचू द्या."

मुकादमिणीनं मान डोलावली. माणसं दारातून बाजूला झाली. साखळीनं धाकट्याला खांद्यावर घेतलं. मोडलेला पाय चौकटीला लागला तसा तो गुरासारखा ओरडला, मग "ताई, ताई" करत राहिला, आणि टँकरचं दार लागल्यावर तोही आवाज आतच राहिला. इंजिन सुरू झालं. बाटलीबाई ते दूर जाईपर्यंत ऐकत उभी राहिली. तिला कुणी धरलं नव्हतं. दार उघडं होतं आणि बाहेर दोन पोलीस होते.

तिनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.

तीस वर्षं दगड फोडणाऱ्या हाताला जोर किती लावायचा ते माहीत असतं. एकच घाव बसला. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला, बाटलीबाईची किंकाळी त्याच्यामागून आली. ती गुडघ्यांवर कोसळली, मग तिथेच लाद्यांवर ओकली. हाताची तीन बोटं तळव्याच्या मागे वळली होती आणि एका बोटातून हाड दिसत होतं. जमलेल्यांतल्या एकानं तोंड फिरवलं. रबरी नळीवाला नळी टाकून बाहेर गेला.

मुकादमिणीनं हातोडी पुन्हा उचलली. सगळे थांबले. बाटलीबाईनं डोळे मिटले नाहीत, ती वर बघत राहिली. हातोडी काही वेळ तशीच हवेत राहिली, मग खाली आली ती नुसतीच, कुणावर नाही, आणि मुकादमीण तिच्याशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिनं माणसांना हातानंच बाहेर जायला सांगितलं. माणसं गेली.

बाटलीबाई हात छातीशी धरून पुढेमागे झुलत होती.

"दुखतंय?" मुकादमिणीनं विचारलं.

"हो."

"फार?"

"फार दुखतंय, मावशी."

मुकादमीण तिच्या तोंडाकडे नीट बघत राहिली. मग आपले माखलेले हात मांडीवर उलटेपालटे करून बघितले.

"मला सकाळपासून काहीच दुखत नाहीये गं," ती म्हणाली. "वाटलं होतं, तुझ्या भावाला मारलं की दुखायला लागेल. मग वाटलं, तुला मारलं की."